तिरफळाचा काटा, करवंदाचा काटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तिरफळ या मसाल्याच्या झाडावरच्या माझ्या लेखाखाली चांगलंच झोडपलंत. मी ‘खोडावरची कंटकाकार वाढ’ असं लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं, ‘टोचता तो काटो, त्यात पंडिती कशाक?’ शिवाय पाकट-शिंगाळा या माशांचे काटे कसे विसरलात, हा दुसरा टोला. वेंगुर्ल्याच्या माणसाला काटा शिकवायची माझी टाप नाही. तरी शब्द मागे घेत नाही.

कंटकाकार म्हटलं की फक्त आकार कळतो, तो कशाचा बनलाय हे कळत नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे. जुन्या तिरफळाच्या खोडावरचा शंकूसारखा काटा आडवा रेटून बघा. बुडाशी बुचासारखी जाड साल असते. तो सालीसकट सुटतो, वण राहतो, आतल्या लाकडाला धक्का नाही. आता करवंदाचा काटा मोडून बघा. (जपून. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत आणि मग घरी ऐकून घ्यावं लागतं.) तो असा सुटायचा नाही, मोडला तर लाकडासकट मोडेल, कारण तो मुळात फांदीच आहे, वाढ खुंटून टोकदार झालेली. म्हणूनच तो पेरावर जोडीने येतो, कधी दुबेळकाही असतो. तिरफळाचे काटे मात्र खोडावर कुठेही.

बोरीची तऱ्हा तिसरीच. तिथे पानाच्या बुडाशी येणारी उपपर्णंच काटे होतात, बहुधा एक सरळ आणि एक मागे वळलेला. बोरीत हात सहज जातो, बाहेर काढताना बाही अडकते ती त्या वळलेल्यामुळे. केवड्याचे तर पानाच्या कडेलाच.

ही पंडिती निरुपयोगी नाही. काटेरी वांग्याच्या देठावरचे काटेही सालीवरचेच, तिरफळाच्या पंगतीतले. ज्या जनुकात बिघाड झाला की वांग्याचे काटे जातात, तो 2024 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिला, आणि त्याच घराण्यातला जनुक गुलाबाचेही काटे घडवतो. करवंद, लिंबू यांचे फांदीपासूनचे काटे त्या हिशेबात नव्हते.

आता समुद्र. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कुशींच्या परांतला काटा हाडाचा, म्हणजे पराचाच ताठ झालेला भाग. पाकटाला हाडच नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीवरच्या मऊ हाडासारख्या भागाचा. त्याच्या शेपटीवरचा काटा कातडीवरच्या खवल्यापासून झालेला, दाताच्या द्रव्याचा. म्हणजे पाकटाचं गोत्र शिंगाळ्यापेक्षा तिरफळाशीच जास्त जुळतं, हे तुम्हाला मुळीच पटणार नाही!

विष दोन्हींच्या काट्यांना असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. म्हणून रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढताना, कुणाला पाकट लागला, तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. काट्याला उलटे दाते असतात, आत तुकडा राहिला असेल तर घरी उकरत बसू नका.