आइस हॉकीत ‘४५ सेकंद खेळा, ३० कोटी कमवा’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्ड मेसेजबद्दल

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिलाय, सकाळी पोहे-जलेबीच्या फोटोखाली तोच आणि रात्री सराफ्याच्या फोटोखाली परत तोच. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅनडा-अमेरिकेतला आइस हॉकी प्लेयर एका मॅचमध्ये जेमतेम १५-२० मिनिटं खेळतो, तेही ४५-४५ सेकंदांच्या तुकड्यांत, बाकी वेळ बाकावर बसून पाणी पितो आणि वर्षाला सरासरी ३० कोटी घेतो. १८व्या वर्षी ड्राफ्टमध्ये (टीम नवीन पोरं निवडतात त्यात) नाव आलं की लाइफ सेट. स्किलपेक्षा दांडगाई कामाची, कारण मारामारीला परवानगी आहे. एकदा तर बर्फावरची मशीन चालवणारा माणूस मैदानात उतरला आणि जिंकून आला. ३५ला रिटायर, मग आयुष्यभर आराम. आणि आपण वेडे, पोरांना कोटाला पाठवून राहिलो.

मी हा खेळ बरीच वर्षं बघतो. टोरंटोची संध्याकाळची सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचार-साडेपाचला लागते आणि घरचे शिव्या घालतात, तरी बघतो, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

पहिलं ते ४५ सेकंदांचं. आकडा बरोबर आहे, एक शिफ्ट साधारण तेवढीच असते. पण ती एवढीशी का असते हे त्या मेसेजवाल्याने विचारलंच नाही, अरे बाबा, त्याहून जास्त वेळ त्या वेगाने कोणाला खेळताच येत नाही! अंगावर किलोकिलोचं सामान, पायात ब्लेड, सगळा जोर मांड्यांवर, समोरून ९०-१०० किलोचा माणूस धडक मारायला येतोय आणि तो गोठवलेला रबरी पक (चेंडूऐवजीची चकती) १६० ग्रॅमच्या आसपासचा. झ्डेनो चाराने २०१२ साली ऑल-स्टार स्पर्धेत तो ताशी १७५ किलोमीटरने मारला होता. सिलिंडर खांद्यावर घेऊन चार मजले धावत चढा, दीड-दोन मिनिटं बसा, परत चढा, असं वीस-पंचवीस वेळा करा आणि मग सांगा बाकावर बसून पाणी पितात म्हणून. बरं, बदली पण खेळ थांबवून होत नाही, बहुतेक वेळा खेळ चालू असतानाच एक जण कठड्यावरून आत उडी मारतो आणि दुसरा बाहेर, आणि जरा टायमिंग चुकून सहाच्या जागी सात जण बर्फावर दिसले की दोन मिनिटांची पेनल्टी, म्हणजे तेवढा वेळ एक जण बाहेर. त्यात एक नियम मला फार क्रूर वाटतो: दबावाखाली टीमने आपल्या अर्ध्यातून पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावला तर त्याला आयसिंग म्हणतात, आणि आयसिंग केलेल्या टीमला खेळाडू बदलता येत नाहीत. म्हणजे गोलकीपर सोडून जे पाच जण आधीच मेलेले असतात त्यांनाच परत उभं करायचं, समोर ताजे पाच. दीड मिनिट झालेला डिफेन्समन गुडघ्यावर काठी टेकवून श्वास घेताना दिसतो ना, तो क्षण बघा एकदा. आणि हे २०२५-२६पर्यंत ८२ लीग मॅचेस, त्यानंतर प्लेऑफच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सात मॅचेसपर्यंत जाऊ शकते, म्हणजे ऑक्टोबरला सुरू झालेलं काम जूनला संपतं.

आता ३० कोटी. इथे मेसेज सगळ्यात हुशार आहे, कारण आकडा अगदीच खोटा नाही. एनएचएल या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये ३२ टीम, प्रत्येकीत २३ जण, आणि २०२५-२६ला एका टीमच्या पगाराची मर्यादा साडेपंचाण्णव मिलियन डॉलर. भागाकार केला की माणशी पस्तीसेक कोटी निघतातच. पण एडमंटनच्या टीमचं उदाहरण घ्या. त्या सीझनला ड्रायसाइटल १४ मिलियन, मॅकडेविड साडेबारा, बूशार साडेदहा, नर्स सव्वानऊ. चौघांचे झाले सव्वासेहेचाळीस, म्हणजे जवळपास अर्धी तिजोरी चौघांत संपली, उरलेल्या अर्ध्यात बाकीचे सगळे. लीगचा किमान पगार त्या वर्षी ७,७५,००० डॉलर, म्हणजे साडेसहा कोटींच्या आसपास. वाईट आहे का? मुळीच नाही, मला द्या उद्या. पण त्यातून टॅक्स जातो (टोरंटो किंवा मॉन्ट्रियलच्या टीममध्ये असाल तर वरच्या टप्प्यावर अर्ध्याहून जास्त), एजंटचे टक्के जातात, आणि वर एस्क्रो म्हणून एक भानगड आहे: लीगच्या कमाईत खेळाडूंचा वाटा ५० टक्के ठरलेला असतो, त्याहून जास्त पैसे वाटले जाऊ नयेत म्हणून पगारातला काही भाग आधीच बाजूला काढून ठेवतात. कमाई कमी झाली तर तो भाग विसरा.

आणि हे सगळं कोणासाठी? त्या सातशे-साडेसातशे जणांसाठी. त्यांच्या खाली एएचएल, त्याच्या खाली ईसीएचएल, तिथे पगार आठवड्याला काही शे डॉलर आणि रात्र-रात्र बसचा प्रवास. तिथलेही प्रोफेशनलच म्हणवतात बरं का, कागदोपत्री धंदा तोच. नवीन पोरांचा करार बहुतेक वेळा टू-वे असतो, म्हणजे एकाच कागदावर दोन पगार: वर खेळला तर लाखो डॉलर, खाली पाठवला तर वर्षाला ८०-८५ हजारच्या हिशोबाने, दिवस मोजून. मंगळवारी वर, गुरुवारी खाली. अर्शदीप बैंसचं बघा, ब्रिटिश कोलंबियातला पंजाबी घरचा मुलगा, ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही, तरी २०२१-२२ला वेस्टर्न ज्युनियर लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे. वॅंकुव्हरने करार केला, फेब्रुवारी २०२४ला एनएचएलमध्ये पहिली मॅच खेळला, आणि त्यानंतरही त्याचं वर-खाली चालूच राहिलं. २०२५ला खालच्या अ‍ॅबट्सफर्डच्या टीमने एएचएलचा कप जिंकला त्यात तो होता. एवढं करूनही वरची जागा पक्की नाही. आमच्या एका काकांनी या मेसेजखाली ‘आपल्या लोकांच्या रक्तातच नाही’ असं लिहिलं होतं, त्यांनी बैंसचं नाव लिहून ठेवावं. रॉबिन बावा, तोही भारतीय वंशाचा, तर १९८९लाच एनएचएलमध्ये खेळून गेला.

ड्राफ्टचं पण तसंच. दरवर्षी सात राउंड, २२४ नावं. नाव आलं म्हणजे त्या टीमला तुमच्याशी करार करायचा हक्क मिळाला, बस. नोकरी मिळाली असं नाही. शेवटच्या राउंडमधले बहुतेक जण एनएचएलची एकही मॅच खेळत नाहीत. पहिल्या नंबरचंही काही पक्कं नाही, २०१२ला नेल याकुपोव सगळ्यात पहिला उचलला होता, सहा वर्षांत ३५० मॅचेस खेळून रशियाला परत. उलट १९९९ला २१०व्या नंबरवर घेतलेला हेन्रिक झेटरबर्ग पुढे डेट्रॉइटचा कॅप्टन झाला, आणि मार्टिन सेंट लुईला कोणी घेतलंच नव्हतं, तो २००४ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे १८व्या वर्षी त्यांच्या तज्ञांना पण कळत नाही, आणि इथे आपल्याला फॉरवर्ड वाचून कळलं. त्याच्या आधीचं तर मेसेजमध्ये काहीच नाही. तिथली पोरं सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावात परक्या कुटुंबात राहतात, ज्युनियर लीग खेळायला. कोटाचं दुःख सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, हॉस्टेल तिथेही सुटत नाही.

मारामारीवर फार लिहायची इच्छा नाही. परवानगी वगैरे काही नाही, पाच मिनिटांची पेनल्टी आहे, आणि मारामाऱ्या पूर्वीपेक्षा खूप कमी झाल्यात. ज्यांचं मुख्य काम ते होतं त्यातल्या डेरेक बूगार्डचा मे २०११ला पेनकिलर आणि दारूने जीव गेला, वय २८. मेंदू तपासला तर सततच्या माराने होणारा सीटीई नावाचा आजार निघाला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोघं गेले. ज्याला आपला पोरगा ‘तगडा आहे, चालेल’ असं वाटतं त्याने एवढं वाचावं.

मशीनवाल्याची गोष्ट मात्र खरी आहे आणि मजेशीर आहे, फक्त अर्धी सांगितलीय. प्रत्येक टीमकडे दोन गोलकीपर असतात, दोघंही जखमी झाले तर तेव्हा स्टेडियममध्ये एक इमर्जन्सी गोलकीपर तयार ठेवलेला असायचा, तो ज्या टीमला गरज पडेल तिकडून उतरायचा. २२ फेब्रुवारी २०२०ला टोरंटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर पडले आणि ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स उतरला. पूर्वी झँबोनी, म्हणजे तीच बर्फावरची मशीन, चालवायचा, किडनी ट्रान्सप्लांट झालेला. पहिले दोन शॉट दोन्ही आत गेले! मग सावरला, आठ अडवले, कॅरोलायना ६-३ने जिंकली. पण हा माणूस रस्त्यावरून उचललेला नव्हता, टोरंटोच्याच प्रोफेशनल खेळाडूंना तो प्रॅक्टिसला गोलमध्ये उभा राहायचा, म्हणजे त्यांचे शॉट अंगावर घेत होता. शिकागोत २०१८ला एक अकाउंटंट उतरला होता, स्कॉट फॉस्टर, १४ मिनिटांत सात शॉट अडवले, एकही गोल नाही, पण तोही कॉलेजच्या टीमचा गोलकीपर होता. दोघंही एनएचएलमध्ये परत कधी खेळले नाहीत. एअर्सला मिळाले पाचशे डॉलर आणि अंगातली जर्सी. कोटी कुठे आले?

आता रिटायरमेंट, ज्यावर आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त भावुक कॉमेंट आल्या, ‘तिकडे खेळाडूची कदर आहे, आपल्याकडे शंकर लक्ष्मणचं काय झालं बघा’ वगैरे. शंकर लक्ष्मण यांच्याबद्दल बोलणं बरोबरच आहे. आपल्या शेजारच्या महूचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, आपल्या मैदानी हॉकीत १९५६ आणि १९६४च्या ऑलिंपिक गोल्डचे गोलकीपर, १९६६च्या एशियाडला कॅप्टन आणि गोल्ड, आणि शेवटी महूत किराण्याचं छोटं दुकान, पायाला गँगरीन, २००६ला गेले. लाज वाटायलाच हवी. पण म्हणून तिकडे सगळं गोड आहे असं कोणी सांगितलं? बॉबी ऑर घ्या, बॉस्टनचा, आजही कित्येक जण त्याला सर्वकाळचा सर्वोत्तम डिफेन्समन मानतात. गुडघ्याची एकामागून एक ऑपरेशनं, १९७८ला तिशीतच खेळ संपला, आणि तेव्हा कळलं की हातात पैसे नाहीत, उलट देणी आहेत. त्याचा एजंट अ‍ॅलन ईगलसन, आणि हाच माणूस खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख पण! बॉस्टनने ऑरला टीमच्या मालकीत १८.५ टक्के हिस्सा देऊ केला होता, ती गोष्ट त्याने ऑरला सांगितलीच नाही आणि त्याला शिकागोला पाठवून दिलं. ईगलसन पुढे १९९८ला फसवणुकीच्या गुन्ह्यात कबुली देऊन जेलमध्ये गेला. जुन्या खेळाडूंना तर स्वतःच्या पेन्शनच्या पैशांसाठी लीगवर केस करावी लागली, कार्ल ब्रूअर त्यात पुढे होता, आणि ते जिंकले. हे जुनं झालं म्हणाल तर २०१४ला जॅक जॉन्सनने दिवाळं जाहीर केलं, करिअरमध्ये १८ मिलियन डॉलरच्या वर कमावलेले, आणि खड्ड्यात घातलं ते सख्ख्या आई-बापाने त्याच्या नावावर काढलेल्या कर्जांनी. आणि ३५व्या वर्षी आराम म्हणताय, एनएचएलची सरासरी करिअर चार-पाच वर्षांचीच आहे. मॅनी मल्होत्रा, वडील पंजाबी, मार्च २०११ला पक डाव्या डोळ्यावर लागला, ऑपरेशनं झाली, जूनच्या फायनलला उतरला पण, नजर मात्र पूर्ण परत आली नाही. दोन वर्षांनी त्याच्याच टीमने ‘आता धोका आहे’ म्हणून बाजूला बसवलं.

मुलींबद्दल मेसेजमध्ये शब्द नाही, म्हणून मीच सांगतो: त्यांची पीडब्ल्यूएचएल लीग जानेवारी २०२४ला सुरू झाली, तेव्हा किमान पगार ३५ हजार डॉलर. ३० कोटी नव्हे, ३० लाख.

आणि मेसेजच्या अगदी शेवटी, जिथपर्यंत बहुतेक जण वाचतच नाहीत, तिथे एक मोबाइल नंबर आहे, ‘आइस हॉकी अकॅडमी, मर्यादित जागा, आजच बुकिंग करा’. भारतात आइस हॉकी आहे, नाही असं नाही. लडाखमध्ये हिवाळ्याचे दोनेक महिने तळी गोठतात तेव्हा खेळतात, आर्मी, आयटीबीपी आणि लडाख स्काउट्सच्या टीम आहेत, आणि २०२५ला आपल्या मुलींनी आशिया कपला ब्राँझ आणलं, त्यात लडाखच्या पोरी होत्या. पण आर्मी-आयटीबीपीच्या टीमांतल्या पुरुष खेळाडूंचा पगार बऱ्याचदा फौजेच्या नोकरीचा, खेळाचा नाही. तेव्हा त्या नंबरवर फोन कराच भिया, पण पैसे पाठवायच्या आधी एवढं विचारा: रिंक कुठे आहे, मापं काय आहेत, बर्फ वर्षातले किती महिने असतो, खाली कूलिंगचे पाइप आहेत की नुसती प्लॅस्टिकची शीट, आणि कोच स्वतः कुठे खेळलाय. उत्तरं लेखी मागा.