पुन्हा सुटलं पातं!

सकाळपासून चौथ्यांदा! स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याने लाकडात नक्षी कापायच्या मशीनवर, दाराची पाटी कापतोय. ‘श्री’ची वेलांटी वळवायला घेतली की खट्ट! पातं क्लॅम्पमधून निसटलंच. क्लॅम्पचा स्क्रू पकडीने आवळावा, तर त्याचे आटे जातात. टोकांना अडकवायची पिन नसलेल्या ५ इंची नव्या पात्यांना गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, तेच घात करतं. दोन्ही टोकं थिनरने पुसा, पॉलिश पेपरवर घासा, तेव्हा कुठे पकड बसते. आणि स्क्रूचं टोक? वापरून वापरून नुसतं गुळगुळीत झालंय, तेही कानशीने सपाट करायचं. अरे, एवढे पैसे मोजून मशीन घेतलं, निदान पातं धरून ठेवणारा क्लॅम्प तरी धड द्या ना! तीन तासांची मेहनत, आणि सागाच्या फळीवर ऐन मधोमध हा ओरखडा. कसा बुजवू आता?