डीओ म्हणजे हाडवैद्य आणि त्यांची ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे पार्टीमंडळ?

अमेरिकेत मुलं डॉक्टरकी शिकतायत अशा मराठी घरांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, ही अमेरिकेतली डॉक्टरकीची एक पदवी) म्हणजे पदवी लावलेला हाडवैद्य, त्याला औषधं लिहून देता येत नाहीत, आणि त्यांच्या कॉलेजांतल्या ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या ‘फ्रॅटर्निटी’, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संघटना, या श्रीमंत पोरांची पार्टीमंडळं. यातलं काहीच खरं नाही.

औषधांचं लगेच सांगता येतं. अमेरिकेच्या सगळ्या 50 राज्यांत डीओला एमडीइतकाच (एमडी ही तिथली डॉक्टरकीची दुसरी, जास्त ओळखीची पदवी) परवाना आहे, शस्त्रक्रियेसकट.

‘हाडवैद्य’ हा गैरसमज युरोपामुळे होत असावा. तिथला ऑस्टिओपॅथ फक्त हातांनी उपचार करतो. अमेरिकेतली शाखा मात्र अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरची. 1864 मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. 1892 मध्ये त्याने मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं. सुरुवातीला औषधांना तिथे फारसं स्थान नव्हतं, हे मान्य. पण पुढे औषधशास्त्र अभ्यासक्रमात आलं, आणि फॉरवर्ड लिहिणारा अजून तिथेच अडकलाय.

आता पार्टीमंडळं. या आरोपाचा मला खरा राग येतो. 1921 ची सिग्मा सिग्मा फाय घ्या. तिथे गुण आणि समाजसेवा पाहून सभासद करतात, बापाची ऐपत पाहून नव्हे. लॅम्डा ओमिक्रॉन गॅमा 1924 मध्ये फिलाडेल्फियात ज्यू विद्यार्थ्यांनी उभी केली. त्या काळात अनेक मेडिकल कॉलेजं ज्यूंच्या जागांवर मर्यादा घालत होती. त्यात ज्यू पोरगा डीओ झाला, की दारं दोनदा बंद. अशा पोराला आपल्या माणसांचा आधार शोधावासा वाटला तर त्याला चैन म्हणायचं?

बंद दारं म्हणजे काय, तेही बघा. ऑस्टिओपॅथशी व्यावसायिक संबंध ठेवणं एमडींच्या राष्ट्रीय संघटनेच्या लेखी 1961 पर्यंत नीतिबाह्य होतं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने डीओंना डॉक्टर म्हणून घेतलं नाही. ते 1966 मध्ये सुरू झालं. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात दोन हजारांहून जास्त डीओंना 65 डॉलर भरून एमडी पदवी मिळाली आणि नव्या डीओंना परवाने देणं बंद झालं. कालपर्यंत ज्यांना कमी लेखलं, ते पावती फाडताच बरोबरीचे कसे झाले? ती बंदी उठायला 1974 साल आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.