जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता नव्हे

१९५० च्या दशकातील शेपटीपंखी (मागच्या बाजूला पंखांसारखे उंचवटे असलेल्या) अमेरिकन गाड्यांवरील लेख वाचला; त्या गाड्यांविषयीची लेखकाची ओढ मला समजते. परंतु ‘त्या जाड पत्र्याच्या गाड्या आजच्यांपेक्षा सुरक्षित होत्या’ हे त्यांचे विधान मान्य होण्यासारखे नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या वाहनसुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू यांची समोरासमोर, ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने टक्कर घडवली, तेव्हा बेल एअरचा चालकाचा कप्पाच चेपला गेला आणि त्यातला माणूस वाचला नसता, तर मॅलिबूच्या चालकाला पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावले असते.

मिशिगनमधील आमच्या शेजाऱ्यांनी जपलेल्या अशाच एका गाडीत मी बसलो आहे. डॅशबोर्ड निव्वळ पोलादी, सुकाणूचा दांडा थेट छातीवर रोखलेला आणि मुले ज्या ऐसपैस मागच्या बाकावर लोळत जात असत, तिथे सुरक्षा पट्ट्याचा (सीटबेल्टचा) मागमूस नाही. (पंख मात्र देखणेच, लढाऊ विमानावरून सुचलेले!) अमेरिकेत हे पट्टे सक्तीचे झाले ते १९६८ पासूनच्या नव्या गाड्यांत, आणि लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.