मीटरवर 62 आलं, म्हणून उकळायचं सोडलं?

परवा पेडण्याहून मावशीचा फोन. "पाणी उकळायचं बंद केलं बघ. मीटरवर 62च आलं." घरात तिची दीड वर्षाची नात आहे. व्हॉट्सअॅपवरच्या एका फॉरवर्डवरून तिने हे ठरवलं होतं. तो मलाही आला होता, न वाचताच पुसला होता. आता मागवून वाचला: 'टीडीएस 100च्या खाली म्हणजे विहिरीचं पाणी शुद्ध. उकळू नका, तपासणीवर पैसे घालवू नका.' टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला किती मिलिग्रॅम ते.

साफ खोटं आहे हे. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला कळतच नाहीत. आपल्या जांभ्यातल्या उथळ विहिरींचं पाणी मुळातच कमी क्षारांचं, तिथे 62चं नवल काय? पण तोच जांभा भोकाभोकांचा. शेजारच्या संडासाच्या शोषखड्ड्यातलं पाणी पावसाळ्यात त्यातून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सांगतं की 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, अजिबात सापडता कामा नये. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. आणि तेवढं नायट्रेट 100 टीडीएसच्या आत सहज मावतं.

रविवारी एचटूएसची कुपी घेऊन गेलो; मैल्यातले जंतू असले तर तिच्यातलं पाणी काळं पडतं. खुणेपर्यंत पाणी भरून फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी काळंठिक्कर. म्हणजे मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. मावशी कुपीकडे बघतच राहिली.

असेच आणखी दोन समज ऐकू येतात. 'विहिरीत मासे जगतात, म्हणजे पाणी चांगलं.' माशांना ई. कोलायने काही होत नाही, आपल्याला होतं.

'प्यायला चालतं ते शेतीला चालतंच.' शेतीला सोडियम किती आणि त्यासोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम किती, हे बघावं लागतं. सोडियमचं प्रमाण चढलं की चिकणमाती घट्ट बसते, पाणी मुरत नाही. उलट जे मचूळ पाणी आपण तोंडात धरणार नाही, ते माड बऱ्यापैकी सोसतो, पण मिरची करपते.

एक मात्र मान्य: किनाऱ्याजवळच्या विहिरीत उन्हाळ्यात खारं पाणी शिरलं, तर तो मीटर ते लगेच दाखवतो. तेवढ्यासाठी ठेवा.

मावशीकडे पाणी पुन्हा उकळतंय, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट. उद्या निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत न्यायचा आहे, 24 तासांच्या आत. आणि शेजाऱ्यांचा शोषखड्डा विहिरीपासून किती मीटरवर आहे, तेही टेप लावून मोजणार आहे.