कारण लिहा

आठवीतल्या मुलीला ‘समांतर रेषा व छेदिका’ समजावून देण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याने त्या संध्याकाळी दुसरा कोणताही बेत आखू नये. दोन समांतर रेषांना एक छेदिका छेदते आणि बघता बघता आठ कोन तयार होतात. त्यांतला एक ७० अंशांचा निघाला, की चार ७० चे आणि चार ११० चे. हिशेब तिथेच संपतो. आमच्या कन्येनेही तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपवला. अडचण पुढे होती, कारण प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण लिहायचे असते आणि कोनांची जोडी संगत, व्युत्क्रम की आंतरकोन हे ठरवताना आमच्या घरात दोन पक्ष पडले.

कोटिकोनांवर फारसा वाद झाला नाही. पंचवटीत ३५ अंशांचा कोन असला आणि नाशिकरोडला ५५ अंशांचा, तरी ते एकमेकांचे कोटिकोनच. बेरीज ९० झाली, बास. रेषीय जोडीला, म्हणजे मिळून १८० अंश होणाऱ्या शेजारच्या कोनांना, मात्र एवढ्या अंतराची सवलत नाही. तिथे एक भुजा सामाईक हवी आणि उरलेल्या दोन भुजा एका सरळ रेषेत हव्यात.

खरी कसोटी विरुद्ध कोनांनी पाहिली. मी मोठ्या उत्साहाने आमच्या नाशिकच्या द्वारका चौकाचे उदाहरण दिले, की महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना छेदतात, म्हणून समोरासमोरचे कोन समान.

“बाबा, तिथले रस्ते सरळ कुठे आहेत? आणि कोनात तर रिक्षाच उभ्या असतात.”

मग कागदावर आलो. दोन रेषा काढल्या. ती म्हणाली, “समान आहेत, दिसतंच आहे की!” दिसणे हे कारण होत नाही, साक्षात युक्लिडलाही ते सिद्ध करावे लागले आणि त्याच्या पहिल्या खंडातले १५ वे प्रमेय तेच आहे, असे मी ऐकवले. पहिला आणि दुसरा कोन मिळून १८०, दुसरा आणि तिसराही मिळून १८०, म्हणून पहिला आणि तिसरा समान. माझ्या मते शालेय भूमितीत याहून देखणी सिद्धता नाही. कन्येने ती ऐकून घेतली, कंपासपेटीतून कोनमापक काढला आणि एक कोन ६४ चा, तर समोरचा ६६ चा असल्याचे जाहीर केले. पेन्सिलीला टोक नव्हते आणि रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी जाड होती, हा माझा खुलासा तिने संशयाने स्वीकारला.

पुढच्या उदाहरणात संगत कोन, म्हणजे दोन्ही रेषांवर सारख्याच जागी असलेले कोन, समान दिले होते आणि रेषा समांतर आहेत हे दाखवायचे होते. म्हणजे तासभर जे गृहीत धरले, तेच आता सिद्ध करायचे होते. मी सौभाग्यवतींना हाक मारली. त्यांनी आतूनच “मला भाजी फोडणीला टाकायची आहे” असे सांगितले, आणि ते कारण विनाहरकत कंसात लिहिण्याजोगे होते.