वहिनी, घार मूल उचलून नेत नाही

रविवारी सकाळी डिचोलीहून वहिनीचा फोन आला. "भावजी, उद्या नारळ उतरवणारा पाडेली येतोय. मागच्या माडावरचं घारीचं घरटं त्याच्याकडून काढून घेते. तुम्ही तो व्हिडिओ बघितला ना?"

बघितला होता. आठवड्यात चार ग्रुपांवर आला. 'गोव्यातल्या पालकांनो सावधान' असा मथळा, बागेत बसलेल्या बाळाला गरुड उचलतो ती क्लिप, आणि खाली मजकूर: घारी-गरुड दोन-तीन वर्षांची मुलं पळवतात, त्यांच्या नखांत विष असतं, घराजवळ पिंगळा ओरडला तर माणूस जातो, म्हणून घरटी दिसतील तिथे मोडा, झाडाखाली फटाके लावा. हे वाचून माझ्या अडीच वर्षांच्या पुतण्याला आठ दिवस अंगणात सोडलेलं नाही. आता घरट्यावर पाळी आली, म्हणून हे लिहितो आहे.

आधी तो व्हिडिओ. तो गोव्यातला नाही, भारतातलाही नाही आणि मुळात खरा नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात सेंटर नॅड नावाची संगणकीय चित्रण शिकवणारी संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी तो डिसेंबर 2012 मध्ये तयार केला. गरुडही संगणकावर बनवलेला, हवेत उचललेलं मूलही. व्हिडिओ जगभर पसरल्यावर संस्थेनेच हे जाहीर केलं. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी नव्या गावाचं नाव लावून तो फिरतो. शिवाय त्यातला पक्षी सोनेरी गरुड म्हणून दाखवला आहे. आपल्या देशात तो हिमालयात राहतो, डिचोलीच्या माडावर नाही.

मग आपल्या माडावर कोण आहे? वहिनीला फोनवर विचारलं, डोकं नि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी आहे का? होय म्हणाली. म्हणजे ब्राह्मणी घार. विष्णूचा गरुड म्हणून जिला आपली माणसं हात जोडत आली, तीच ही. तिचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पणजीजवळच्या मालिम जेटीवर मासेमारीचे ट्रॉलर लागले की पाण्यावर घिरट्या घालतात त्यांत या असतात, आणि सगळ्या तपकिरी, शेपटीला खाच असलेल्या काळ्या घारीही. काळी घार फार तर किलोभराची. आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत दांडगा शिकारी म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. पंख पसरले की दोन मीटर, पण वजन दोन ते चार किलो. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोंचं असतं. स्वतःच्या निम्म्या वजनाचा मासा घेऊन उडतानाही या पक्ष्यांची दमछाक होते. पुतण्या बारा किलोंचा आहे. अर्ध्या किलोच्या पक्ष्याने त्याला कसं उचलायचं, हा हिशेब फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकानेही केला नाही.

एक गोष्ट मान्य करतो. घरट्यात पिल्लं असताना घार जवळ येणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून झेपावते, कधी नख लागतंही. मासळी बाजाराबाहेर हातातला तुकडा पळवते. कोंबडीची पिल्लं तर शिक्राही नेतो. राखाडी पाठीचा, पारव्याएवढा हा पक्षी कावळे मागे लागले की चटकन ओळखू येतो. पिल्लं झाकून ठेवा, घरट्याच्या माडाखाली काही आठवडे मुलांना खेळवू नका. एवढं पुरे.

नखांत विष? एकाही शिकारी पक्ष्याच्या नखांत विष नसतं. ओरखडा उठला तर साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

पिंगळ्याचं तर ऐकवत नाही. तो संध्याकाळ झाली की ओरडतो, कारण ती त्याची जोडीदाराशी बोलायची वेळ. आजारी माणसाच्या खोलीत रात्रभर दिवा असतो, दिव्याला किडे येतात आणि किड्यांवर पिंगळा. आमची आजी गेली तेव्हा शेजारच्यांनी त्या पक्ष्याला दगड मारले होते. गव्हाणी घुबडाचीही तीच गत, आणि शेतातले उंदीर तेच खातं.

खरं नुकसान करणारी आहे ती शेवटची सूचना. ब्राह्मणी घारीचा विणीचा हंगाम आपल्याकडे साधारण डिसेंबर ते एप्रिल. सहसा दोन अंडी, सव्वीस-सत्तावीस दिवस उबवण, मग पिल्लं उडेपर्यंत पन्नासेक दिवस. आत्ता फेब्रुवारी आहे. आत्ता घरटं पाडलं तर अंडी फुटतील किंवा पिल्लं मरतील. खाली फटाके लावले तर पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो, म्हणजे परिणाम तोच. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली या पक्ष्याला नि त्याच्या घरट्याला हात लावणं गुन्हा आहे. पाडेली अडकेल आणि त्याला वर चढवणारेही.

वहिनीला म्हटलं, पाडेलीला बाकीच्या माडांचे नारळ उतरवू दे, तो एक माड मे महिन्यापर्यंत सोड. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सकाळी घार फांदी घेऊन येते तेव्हा बाळ खिडकीतून हाका मारतो तिला." मी म्हटलं, मग त्याला बलकांवात, घरापुढच्या ओसरीत, बसव आणि बघू दे.